एकेचाळिसावं छप्पर

दवाखान्यात छत्तीस वर्षं सुया टोचून ती निवृत्त झाली, तरी गावाने तिला सिस्टर म्हणायचं काही सोडलं नव्हतं. कुणाचा रक्तदाब चढतो, कोण किती महिन्यांची गरोदर आहे, कुणाच्या म्हाताऱ्याला दम लागतो, हे सगळं तिच्या डोक्यात. म्हणून बायकांच्या मंडळाने छपरांची यादी करायचं काम काढलं, तेव्हा दुसरं नाव कुणाला सुचलंच नाही.

पूर्वी या गावाला गवताची छपरं होती. सिस्टर नवी नवरी होऊन आली त्याच वर्षी सासऱ्यांनी गवत उतरवून घरावर पत्रा चढवला होता. तो चकचकीत पत्रा बघायला लोक मुद्दाम वाट वाकडी करून येत आणि सासरे बाहेर बाकावर बसून कौतुक ऐकत. हळूहळू सगळं गाव पत्र्याचं झालं. तेव्हा उन्हाळे होते, पण ते उन्हाळ्यासारखे होते. दुपारी घरात झोप लागायची. आता दुपारी पत्र्याखाली भाकरी भाजावी तशी माणसं भाजून निघत. मागल्या उन्हाळ्यात दोन म्हाताऱ्या घरातल्या घरात भोवळ येऊन पडल्या आणि त्यातली एक उठलीच नाही.

त्यानंतर मंडळाची अध्यक्ष, जिला सगळे गिरणीवाली म्हणत, बैठकीत उभी राहिली. म्हणाली, वरून कुणी येईल म्हणून बसून राहिलो, तर आपणच वर जाऊ. हसणं थांबल्यावर तिने उपाय सांगितला. छपरं पांढरी करायची. चुना रात्रभर भिजवायचा, त्यात मीठ आणि डिंकाचं पाणी घालायचं, आणि सकाळी पत्रा तापायच्या आत लांब दांड्याच्या झाडूने दोन हात मारायचे. सिस्टरने स्वतःच्या भिंतीवरचा तापमापक काढून आणला आणि गिरणीच्या छपरावर एकच हात मारून प्रयोग झाला. दुपारी दोन वाजता आत पाच अंश कमी भरले. गिरणीवाली म्हणाली, एवढ्यात तर मी नवऱ्याशीही गोड बोलेन.

गावात पत्र्याची एकेचाळीस घरं होती. सगळी एकदम होणार नव्हती, कारण चुना भट्टीवरून थोडा थोडा येणार होता. नियम एकच ठरला. ज्याच्या जिवाला जास्त धोका, त्याचं छप्पर आधी. तो धोका ठरवायचा सिस्टरने.

तिच्या स्वतःच्या घराला पगारातून घातलेला स्लॅब होता, त्यामुळे ती यादीत नव्हती. पण तिच्या धाकट्या दिरांचं घर होतं, तेच सासऱ्यांनी पत्रा चढवलेलं जुनं घर. दीर तीन वर्षं अर्धांगवायूने खाटेवर. वाचा गेली होती. सिस्टरने आणि जावेने रोज एकेक अक्षर घोकून घेतलं, तेव्हा कुठे चार शब्द परत आले होते. पाणी, नको, उजेड, आणि वहिनी. नियमाने त्यांचं छप्पर पहिल्या तिनात यायला हवं होतं. सिस्टरने ते एकेचाळिसावं लिहिलं.

तिने ते का केलं, हे सांगायला अकरा वर्षं मागे जावं लागेल. तिच्या निरोपाच्या समारंभात डॉक्टर बोलले, सरपंच बोलले, आणि मग जावेला कुणीतरी चार शब्द बोलायला उभं केलं. जाऊ हसत हसत म्हणाली, "ताईंनी गावभर औषधं दिली. आमच्या सासूबाईंना मात्र तांब्याभर पाणी द्यायला त्यांना कधी वेळ नव्हता." लोक हसले. सिस्टरही हसली. पण शब्द जिव्हारी लागला, कारण तो पुरता खोटा नव्हता. सासू गेली त्या दिवशी सिस्टर पलीकडच्या वस्तीत बाळंतपणाला गेलेली होती. जावेशी तिने भांडण केलं नाही, अबोलाही धरला नाही. दिरांची सेवा केली, सणाला नाही तरी सुखदुःखाला गेली. फक्त ते वाक्य तिने पोटात जपून ठेवलं, आणि यादी करायला बसली तेव्हा ते आपसूक वर आलं. राहू दे थोडे दिवस वाट बघत, एवढंच तिच्या मनात होतं. आठवडाभराचा तर प्रश्न होता.

यादी वाचताना गिरणीवाली थबकली आणि म्हणाली, अहो सिस्टर, तुमच्या दिरांचं शेवटी कसं? सिस्टर म्हणाली, "घरचं आहे. मागाहून बघू." गिरणीवालीने मान डोलावली. तिच्या डोळ्यांत एकदम आदर आलेला सिस्टरने पाहिला. तो तिने नाकारला नाही.

तेहतीस छपरं झाली आणि भट्टी बंद पडली. दहा दिवस चुना आला नाही, आणि नेमके तेच दहा दिवस वर्षातले सगळ्यात वाईट निघाले. सिस्टर रोज दुपारी दिरांच्या अंगावर ओले पंचे टाकायला जाई. पत्रा वर कडकड वाजत असे. तेव्हाही तिला सांगता आलं असतं की गिरणीच्या छपराचा दुसरा हात राहू दे, त्याचा चुना राखून ठेवलाय तो इकडे द्या. पण मग कारण द्यावं लागलं असतं. सातव्या दिवशी दिरांना ताप चढला, डोळे फिरले, झटके आले. जीपमध्ये घालून इस्पितळात नेलं. नऊ दिवसांनी ते परत आले ते जिवंत, पण शब्द एकही घेऊन आले नाहीत. घरावर तोवर पांढरं छप्पर झालं होतं.

तेव्हापासून सिस्टरला लोकांच्या तोंडाकडे बघवेना. गंमत अशी की लोक तिलाच धीर देत. असं माणूस होणे नाही, म्हणत. दळण टाकायला आलेल्या बायकांना गिरणीवाली तीच गोष्ट ऐकवी. घरचं शेवटी ठेवलं बघा, आणि केवढी किंमत दिली. सिस्टरने गिरणीत जायचं बंद केलं, पिठाची पिशवी शेजारणीकडून मागवू लागली. आणि जाऊ, जी कधी कुणाचं सरळ कौतुक करायची नाही, ती आता तिला दारात बघून पटकन उठे आणि स्वतःची खुर्ची पुढे करी.

हिवाळा संपता संपता शेजारच्या सहा गावांच्या बायका काम शिकायला आल्या. शाळेच्या मोठ्या खोलीत सतरंज्या घातल्या होत्या. गिरणीवालीने चुना, मीठ, डिंक सगळं समजावलं आणि मग तिची आवडती गोष्ट सांगितली. सिस्टर भिंतीला टेकून मान खाली घालून बसली होती. तेवढ्यात जाऊ न बोलावता उभी राहिली.

"माझ्या नवऱ्याची वाचा गेली," ती म्हणाली. "पण आमच्या ताईंनी घरचं आधी पाहिलं, असं गावात कुणाची जीभ बोलू शकत नाही. मला त्याचा अभिमान आहे."

टाळ्या वाजल्या. एका गावची यादी करणारी शिंपीण पुढेच बसली होती. तिने वहीत पहिल्या ओळीत लिहिलं आणि मोठ्याने वाचलं की यादी करणारीच्या घरचं छप्पर शेवटी. बाकीच्याही लिहू लागल्या. शिंपीण सिस्टरकडे वळून म्हणाली, माझी आई हृदयरोगाची आहे हो, मी तिचं दुसरं लिहिलं होतं. लाज वाटली मला. आता शेवटी ठेवते.

सिस्टर हळूच म्हणाली, "तसं करू नका. आईचं आधीच करा."

"बघा," गिरणीवाली म्हणाली, "दुसऱ्याला सवलत, स्वतःला नाही."

पुन्हा टाळ्या वाजल्या. शिंपिणीने आईचं नाव खोडलं आणि खाली नेलं. सिस्टरला ते पेन दिसत होतं. आत्ता उठले नाही तर, तिच्या मनात आलं, अजून सहा गावांत माझ्या रागाखाली कुणीतरी भाजेल. ती भिंतीला धरून उभी राहिली.

"भाऊजींना शेवटी ठेवलं ते न्यायाने नाही," ती म्हणाली. "रागाने ठेवलं. माझ्या निरोपाच्या दिवशी जाऊ मला बोलली होती, सासूबाईंना पाणी दिलं नाही म्हणून. त्याचा मी वचपा काढला. भाऊजी पहिल्या तिनात होते. मला माहीत होतं. मी सिस्टर आहे, मला नसेल माहीत तर कुणाला असेल?"

कुणी टाळी वाजवली नाही. गिरणीवाली एकदा हसायला गेली आणि थांबली. शिंपिणीने पहिली ओळ आडवी खोडली आणि आईचं नाव होतं तिथे परत लिहिलं. बाकीच्यांचीही पेनं हलली. एवढंच झालं, आणि एवढ्यासाठीच सिस्टर उठली होती. तरी तिला बसायला जागा सापडेना. शेजारची बाई सरकली नाही.

जाऊ अजून उभीच होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, ती काहीतरी आठवत होती. "मी असं बोलले होते?" तिने विचारलं. "पाण्याचं?"

"हो."

"मला आठवत नाही." ती म्हणाली. "कुणीतरी उभं केलं म्हणून काहीतरी बोलले असेन. माझ्याकडे दुसरं काय होतं बोलायला?"

मग तिने पदर सावरला, चप्पल घातली आणि निघून गेली.

सिस्टर कुणाशी न बोलता बाहेर आली. घरी जायचं म्हणून निघाली आणि पाय जुन्या घराच्या रस्त्याला लागले. आत जायचा धीर होईना. ज्या दारातून ती इतकी वर्षं न विचारता जायची, त्या दाराशी ती परक्या बाईसारखी उभी राहिली. आतून खाटेची करकर ऐकू आली, मग जावेचा धापा टाकण्याचा आवाज. दिरांना दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागे, नाहीतर पाठ फुटे. हे तिनेच जावेला शिकवलं होतं.

"बाहेर कोण आहे?" जावेने विचारलं. मग ती स्वतःच दाराशी आली. नेहमीसारखं ताई म्हणून तिने हाक मारली नाही.

"आत या," जाऊ म्हणाली. "चादरीचं टोक धरा. याला दोन माणसं लागतात, म्हणून बोलावते आहे. दुसरं काही समजू नका."

सिस्टरने चादर धरली. दिरांनी डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं, ओठ जरासे हलले आणि मिटले. जावेने एक, दोन, तीन मोजले आणि दोघींनी मिळून त्यांना भिंतीकडे वळवलं.