जेवढी होती तेवढी

स्टुडिओवाला तसा उजेडातला माणूस. पासपोर्ट फोटो, शाळेचे ग्रुप फोटो, लग्नं. छत्रीचे दोन दिवे लावायचे, हनुवटी जरा वर करायला सांगायची आणि फ्लॅश उडवायचा. वीस वर्षांत अंधाराशी त्याचा संबंध आला तो फक्त डार्करूममध्ये. त्यामुळे धाकटी बहीण दवाखान्यातल्या खाटेवरून म्हणाली, "दादा, तू फोटोवाला ना? मग मला तिचा फोटो आणून दे," तेव्हा त्याने फारसा विचार न करता हो म्हटलं.

बहिणीला घरात सगळे बारकी म्हणत. सातवा महिना लागतो न लागतो तोच तिला मुलगी झाली होती. वजन आठशे सत्तर ग्रॅम. मुलगी दुसऱ्या मजल्यावर काचेच्या पेटीत आणि बारकी चौथ्या मजल्यावर, तापाने फणफणलेली. ताप उतरेपर्यंत तिला बाळाजवळ जायची बंदी होती. नवरा रोज खाली जाऊन पाहून यायचा आणि सांगायचा, "छान आहे." एवढंच. त्याला तरी बिचाऱ्याला दुसरं काय सुचणार? पण तेवढ्यावर आईचं पोट भरत नाही.

दुपारी बारा वाजता दहा मिनिटं भेटायची वेळ. स्टुडिओवाला कॅमेरा गळ्यात अडकवून गेला, तर मोठ्या सिस्टरांनी दारातच अडवलं.

"फ्लॅश अजिबात चालणार नाही. डोळे अजून तयार नाहीत तिचे."

आत भर दुपारी संध्याकाळ केलेली होती. खिडक्यांना जाड पडदे, पेट्यांवर दुपट्यांची झाकणं, कोपऱ्यात एकच मिणमिणता दिवा. कॅमेऱ्यात दुकानातलाच चारशेचा ब्लॅक अँड व्हाइट रोल होता; रोलचा आकडा जितका मोठा, तितका कमी उजेड त्याला पुरतो. चारशेचा रोल सोळाशेचा समजून वापरायचा आणि धुताना जास्त वेळ द्यायचा, हे त्याने ऐकलेलं होतं, केलेलं कधी नव्हतं. त्याने दहा-बारा फोटो काढले आणि घरी येऊन त्याच दुपारी रोल धुऊन फोटो छापले.

नळ्या आल्या. चादर आली. गालावरची चिकटपट्टी तर पांढरीफेक आली. चेहरा मात्र आलाच नाही. टोपी आणि चिकटपट्टी यांच्या मधे नुसता काळा खड्डा. असा फोटो आईला दाखवायचा म्हणजे जखमेवर मीठ चोळायचं.

"रोल खराब निघाला गं," त्याने बारकीला सांगितलं.

"मग उद्या आण," ती म्हणाली. तिचे ओठ तापाने सोलले होते. "तिचं नाक कोणासारखं आहे, तेवढं तरी सांग."

त्याला सांगता आलं नाही. सगळी दहा मिनिटं तो कॅमेऱ्यातली उजेड मोजणारी सुईच बघत बसला होता, नाक बघायचं राहूनच गेलं.

संध्याकाळी तो प्रेसवाल्या काकांकडे गेला. काकांची उभी हयात वर्तमानपत्रासाठी फोटो काढण्यात गेली होती; नाटकं, सभा, आगी, सगळं काही फ्लॅशशिवाय. त्यांनी निगेटिव्ह खिडकीशी धरली आणि ते चुकचुकले.

"अरे, चारशेच्या रोलला कितीही उकळलास तरी जिथे उजेड पोचलाच नाही तिथे तो आणणार कुठून? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येईल? पांढरं आणखी पांढरं होतं, काळं तसंच राहतं. बत्तीसशेचा घे."

"त्याचे दाणे फोटोत फार मोठे दिसतात ना?"

"असू देत. दाणे असलेला चेहरा हा चेहरा असतो. आणि बत्तीसशे लिहिलंय म्हणून बत्तीसशे मानू नकोस, ते भाजीवाल्याच्या 'आजचीच आहे' सारखं असतं. सोळाशेवर काढ. धुताना मात्र बत्तीसशेचा वेळ दे. आणि आधी चार फोटो कापून धुऊन बघ, मग बाकीचा रोल. घाई करू नकोस."

दुसऱ्या दिवशी बाराच्या ठोक्याला तो पेटीजवळ उभा राहिला. आज आधी नुसतं पाहिलं. नाक बारकीचंच होतं, शेंड्याला किंचित दबलेलं. खांद्यांवर आणि पाठीवर भुरी लव होती. छाती एवढ्या भराभर वरखाली होत होती की त्याचाच श्वास चुकायला लागला. मग त्याने कोपर कोमट काचेवर टेकवलं, श्वास रोखला आणि दोन श्वासांच्या मधे जेमतेम सापडणाऱ्या फटीत बटण दाबलं. पुन्हा दाबलं. मोठ्या सिस्टरांनी दुपट्याचं टोक बोटभर वर उचलून धरलं आणि दुसरीकडे बघत म्हणाल्या, "पाच मिनिटं राहिलीत." छत्तिसावा फोटो झाला तेव्हा बाळाने मूठ उघडली होती.

घरी येऊन त्याने अंधारात चाचपत रोलचं तोंड कापलं, वीतभर. तेवढंच धुतलं. चेहरा आला! फिका होता, पण डोळ्यांच्या मिटलेल्या रेघांसकट आला. आणखी मिनिटभर जास्त दिलं तर उठून दिसेल, असा त्याने हिशेब केला. तेव्हा पाच वाजले होते. नळाचं पाणी उन्हाने तापलेलं. बारकी दवाखान्यात वाट बघत होती. हीच ओली पट्टी वाळवून एक छोटासा फोटो काढून नेता आला असता. त्याच्या मनात आलंही. पण फिका फोटो नेण्यापेक्षा उद्या सकाळी गार पाण्यात, शांतपणे, चांगला करून नेऊ, असं त्याने ठरवलं.

सकाळी त्याने बर्फ घालून पाणी वीस अंशावर आणलं, घड्याळ लावलं, डबी दर मिनिटाला हळुवार उलटीसुलटी केली. रोल उत्तम आला. तो दोरीवर वाळत घातला आणि खाली थेंब टपकत असतानाच फोन वाजला. मेहुण्याचा आवाज होता.

"गेली हो. साडेआठला."

बारकीला व्हीलचेअरवरून खाली नेलं आणि गुंडाळलेलं बाळ पाच मिनिटं मांडीवर दिलं. नाक तिने तेव्हा पाहिलं. स्टुडिओवाला दाराशी उभा होता. त्याच्या शर्टाला डेव्हलपरचा वास येत होता.

फोटोंचं नाव महिनाभर कोणी काढलं नाही. मग मेहुणा एकदा दुकानात आला आणि म्हणाला, "ते टाकून द्या. कशाला खपली काढायची?" स्टुडिओवाल्याने मान डोलावली आणि निगेटिव्ह लोखंडी कपाटात कुलूपबंद केल्या.

चार महिन्यांनी एका दुपारी बारकी एकटीच आली. चप्पल काढून सरळ आतल्या खोलीत स्टुलावर बसली.

"काढ बाहेर. टाकले नसशील तू, मला माहितीये."

त्याने टपाल तिकिटाएवढ्या फोटोंचा कागद तिच्यापुढे ठेवला आणि भिंग दिलं. ती एकेका चौकोनावर खूप वेळ थांबत होती.

"हे रवा सांडल्यासारखं काय आहे रे सगळीकडे?"

"फिल्मचे दाणे. उजेड कमी होता ना."

"मला वाटलं, लव आहे."

"लवही होती. फोटोत ती दाण्यांत मिसळून गेली. मी पाहिलीये ना, खांद्यावर, पाठीवर."

तिने भिंग खाली ठेवलं. "मोठा काढ. जेवढी होती तेवढी."

"बारके, तेवढा केला तर दाणे विखुरतील. जवळून चेहरा दिसणारच नाही नीट."

"मला जवळून नाही बघायचं. मला माप बघायचंय. पाच मिनिटं मिळाली मला, तीही दुपट्यात."

दवाखान्याच्या कागदावर लांबी लिहिलेली होती, चौतीस सेंटिमीटर. त्याने मोठा कागद काढला आणि फोटो मोठा करायचा एन्लार्जर वर चढवून पट्टीने डोक्यापासून टाचेपर्यंत मोजलं. लाल दिव्यात दोघं ट्रेपाशी उभे राहिले. आधी नळ्या उमटल्या, मग टोपी, आणि शेवटी हळूहळू नाक. बारकीने दोन्ही हात ट्रेच्या वर, पाण्याला न लावता, उचलून घेतल्यासारखे धरले. तेवढ्यातच मावेल एवढं होतं ते बाळ.

तेव्हा त्याला राहवलं नाही. "पहिला रोल खराब नव्हता. मीच चुकीचा रोल घेऊन गेलो होतो. आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मला एक फोटो आणता आला असता. फिका होता म्हणून थांबलो."

ट्रेमधलं पाणी तेवढं हलत होतं.

"आणायला हवा होतास," ती म्हणाली. "फिका चालला असता मला."

मग चिमटा उचलून ती म्हणाली, "आता हा कशात टाकायचा?"

त्या दिवसापासून दर गुरुवारी, दुकान दुपारी बंद असायचं तेव्हा, ती यायला लागली. एका गुरुवारी एकच फोटो. अंधारात रोल कापताना कात्रीखाली मधोमध आलेला, ज्यात नुसती पावलं उरली होती, तोही तिने काढून घेतला. एक दोनदा मेहुणाही आला. आत यायचा नाही, बाहेरच्या बाकावर बसून राहायचा. पण पातळ पाकिटात फोटो दुमडेल म्हणून एकदा घरून जाड पुठ्ठा घेऊन आला.

वर्ष होत आलं तेव्हा उघड्या मुठीचा फोटो निघाला. बारकीने तो धुतला, काचेवर पालथा घातला आणि हात पुसत विचारलं, "पुढचा कुठला?"

"हा शेवटचा."

तिने भिंग उचललं आणि सगळा कागद पहिल्या चौकोनापासून पुन्हा मोजला. छत्तीस भरले.

"बरं," ती म्हणाली. आणि तरीही, फोटो कधीचा वाळला तरी, स्टुलावरून उठली नाही. स्टुडिओवाल्याने लाल दिवा तसाच चालू ठेवला आणि तिच्या शेजारी जमिनीवर बसला.