नागपूरच्या आधी थांबायचं नाही

पुरनलाल आणि त्याच्या धाकट्या भावाची बायको योगेश्वरी चार वर्षं एका घरात राहत होती, पण एकमेकांशी एक शब्द बोलली नव्हती. भांडण नव्हतं हो! भासरा म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ. त्याच्यासमोर बहूनं पदर ओढायचा आणि तोंड उघडायचं नाही, ही त्यांच्या पोवारांच्या घरातली रीत. भाजीत मीठ कमी वाटलं तर पुरनलाल बायकोला, रामकलीला म्हणायचा, "सांग तिले." योगेश्वरी तिथंच चुलीपुढे बसून सगळं ऐकत असायची. तरी रामकली मान वळवून निरोप पोचवायची. घर असंच चाललं होतं आणि बरं चाललं होतं.

योगेश्वरीला सातवा महिना लागला, तेव्हा गोंदियाच्या सोनोग्राफीत काहीतरी खटकलं. तिला नागपूरला पाठवलं. तिथल्या डॉक्टर बाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं. बाळाच्या हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांची अदलाबदल झाली होती. पोटात आहे तोवर बाळाला धोका नाही. जन्मल्यावर मात्र लगेच औषध सुरू करायला हवं आणि दोनेक आठवड्यांत ऑपरेशन. म्हणून बाळंतपण त्याच इस्पितळात व्हायला हवं.

धाकट्या भावानं, तिलकनं घरी येऊन वहीच्या पानावर सगळं लिहिलं आणि पान कॅलेंडरशेजारी चिकटवलं. कोणाला फोन, कोणती पिशवी, कोणता रस्ता. शेवटी मोठ्या अक्षरांत: नागपूरच्या आधी थांबायचं नाही.

"बाळंतपन हाये का बारात?" पुरनलाल म्हणाला. "एवढी तयारी कायले?"

बोलायला काय जातं! दोन पाइप उलटे बसलेत, एवढं मात्र ड्रायव्हर माणसाला नीट कळलं होतं. त्याची कमांडर जीप गोरेगाव-गोंदिया सवाऱ्या न्यायची. चौदा माणसं आणि दोन कोंबड्या कशा बसवायच्या हे त्यालाच जमे. दिवाळी झाली, मंडईचे, म्हणजे गावजत्रांचे दिवस आले, गावोगावी नाटकं लागली, रस्त्यावर सवाऱ्या हात दाखवू लागल्या. याची जीप मात्र टाकी भरून, रस्त्याकडे तोंड करून अंगणात उभी. एकदा तर तो रिकामी गाडी नागपूरला नेऊन इस्पितळाचं फाटक बघून आला. सांगितलं कोणालाच नाही, पण रामकलीला सुगावा लागलाच. त्या रात्री तिनं भाकरीवर लोणी जरा जास्त वाढलं.

तिलक शनिवारी इस्पितळाजवळ खोली बघायला नागपूरला गेला आणि त्याच सकाळी, तीन आठवडे आधी, योगेश्वरीच्या पोटात कळा सुरू झाल्या. रामकलीनं पिशवी उचलली, दोघी मागच्या सीटवर बसल्या आणि जीप निघाली.

"विचार, नागपूरवरी दम निघते का?" पुरनलाल आरशात न बघता म्हणाला.

"म्हनते, चाला."

कोहमारा गेलं, साकोली गेली. मग मागून रामकली ओरडली, "अजी, पानी गेलं तिचं!"

सगळी तयारी, सगळा बघून ठेवलेला रस्ता पुरनलालच्या डोक्यातून उडाला. समोर एका दवाखान्याची पाटी दिसली आणि त्याला हायसं वाटलं. डॉक्टर तो डॉक्टर! पोर सुखरूप बाहेर येऊ दे, पुढचं पुढे बघू. त्यानं गाडी रस्त्यावरून खाली, दवाखान्याकडे उतरवली.

"हो, इथंच थांबा," रामकलीही रडकुंडीला येऊन म्हणाली.

आता योगेश्वरी निरोप कोणाकडून पाठवणार? निरोप नेणारीच त्याच्या बाजूची झाली होती.

"दादा!"

पुरनलालनं करकचून ब्रेक दाबला. हा आवाज त्यानं कधी ऐकलाच नव्हता. आरशात पाहिलं तर पदर खांद्यावर, कपाळ घामानं भिजलेलं आणि डोळे सरळ त्याच्या डोळ्यांत.

"दादा, इथं नाही. इथं ते औषध नाही भेटनार. पोटात हाये तोवर बाळाले काही होत नाही, बाईनं मले सांगतलं हाये. गाडी फिरवा."

"रस्त्यात झालं तं?"

"नाही होत. पोट माह्यं हाये, मले समजते. फिरवा!"

घरात पुरनलालवर असा आवाज चढवणारं कोणी जन्माला आलं नव्हतं. त्यानं गाडी फिरवली. भंडारा मागे पडलं. वाटेत देवाला त्यानं एवढ्या विनवण्या केल्या की देवही कंटाळला असेल.

नागपुरात पोचल्यावर तीन तासांनी मुलगी झाली. ओठ निळसर होते, पण औषध तयार होतं, माणसं तयार होती. अकराव्या दिवशी ऑपरेशन झालं. डॉक्टर बाई बाहेर येऊन म्हणाल्या, "नीट झालं. वेळेवर आणलंत." सगळे पुरनलालकडे कौतुकानं बघू लागले. तिलकनं तर त्याचे पायच धरले. पुरनलालला ते सोसेना. त्याचं मन कृतज्ञतेनं भरून आलं होतं. डॉक्टरांबद्दल, देवाबद्दल, त्या वहीच्या पानाबद्दल. पण सगळ्यांत मोठे उपकार जिचे, तिला सांगायचं कसं?

महिन्याभरानं सुट्टी मिळाली. रामकली औषधं आणायला खाली गेली होती. पुरनलाल वॉर्डच्या दारात येऊन उभा राहिला. योगेश्वरीनं सवयीनं पदर ओढला.

"बहू," तो जमिनीकडे बघत म्हणाला, "त्या दिवशी मी भेलो होतो. तू बोलली नसती, तं पोरगी हाती लागली नसती."

योगेश्वरीनं मांडीवरच्या मुलीचं दुपटं सारखं केलं.

"मीबी भेली होती, दादा. पन तुमी ऐकलं ना माह्यं."

ती उठली. भासऱ्याला काही द्यायचं तर खाली ठेवायचं आणि बाजूला व्हायचं, ही दुसरी रीत. तिनं मुलीला पलंगावर ठेवलं नाही. तशीच जवळ घेऊन ती त्याच्यासमोर आली.

"घ्या," योगेश्वरी म्हणाली. "आता काऊन भेता?"

पुरनलालनं दोन्ही हात पुढे केले.