आतली मूठ

चुडामण इंजिनाला कान लावून त्याचं दुखणं सांगायचा. धरणगावच्या पितांबर नानांच्या कापसाच्या जिनिंगमध्ये तो बारा वर्षं मिस्त्री होता. लाकडाच्या दांडीचं एक टोक इंजिनाच्या अंगाला आणि दुसरं आपल्या कानाला लावून तो डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "तिसरी बेरिंग." खोलून बघावं तर तिसरीच गेलेली असायची. म्हणून १९३४ साली नानांनी रोल्स-रॉइस घेतली, तेव्हा ती चालवायला त्यांना दुसरं कोणी सुचलंच नाही.

गाडी नवी नव्हती. माळव्यातल्या एका संस्थानिकाच्या पागेत ती सात वर्षं कापडाखाली उभी होती. नानांचे वडील स्वतःच्या हाताने औत धरणारे. मुलगा कापसावर वर आला आणि अख्ख्या खानदेशात कोणाकडे नाही अशी गाडी आपल्या दारात हवी, हा एकच ध्यास त्याने घेतला.

आधी चुडामणला तीन महिने मुंबईला धाडलं. तिथे भिकन नावाचा, मूळचा धुळ्याचाच फिटर अशा गाड्यांवर काम करायचा. हाताने नट आवळता आवळता तो कंपनीचा इतिहास सांगायचा, जसा एखादा आपल्या आजोळचा सांगतो. दोन माणसं. एक लॉर्डाचा मुलगा, मोटारींचा शौकीन. दुसरा पिठाच्या गिरणीवाल्याचा मुलगा, लहानपणी रस्त्यावर वर्तमानपत्रं विकणारा. दोघांनी मिळून १९०६ साली कंपनी काढली. पुढच्याच वर्षी त्यांची एक चंदेरी रंगाची गाडी पंधरा हजार मैल पळवली, आणि ती इतकी मुकी चालायची की तिचं नावच पडलं चंदेरी भूत.

"भूत?" चुडामण हसला. "मोटारला कोणी भूत म्हनतस का?"

"साहेबलोक म्हणतात," भिकन म्हणाला. "त्यांना त्याची भीती नाही वाटत. पुढं तो लॉर्डाचा मुलगा विमानातून पडून मेला. गिरणीवाल्याचा गेला गेल्या वर्षी. नव्या गाड्यांवर बघ, नावाची दोन अक्षरं लाल होती ती काळी झालीत. लोक म्हणतात सुतक. कंपनी म्हणते, लाल रंग गाडीच्या रंगाला शोभत नव्हता."

नानांच्या गाडीवरची अक्षरं लालच होती.

गाडी धुळ्यापर्यंत आणून दिली ती संस्थानच्या जुन्या ड्रायव्हरने, भटूने. तो शिंदखेड्याचा, नोकरी सोडून आता गावीच राहायला चालला होता. त्याने चुडामणला सगळं दाखवलं. मागची बैठक म्हणजे एक छोटी खोलीच होती. निळ्या काचा, आतून जाड पडदे, ड्रायव्हरच्या आणि मागच्या माणसांच्या मध्ये आणखी एक काच, तिलाही पडदा. बोलायचं तर मागे एक नळी होती. तिचं दुसरं टोक ड्रायव्हरच्या डाव्या कानाशी कर्ण्यासारखं उघडत होतं.

किल्ल्या हातात देताना भटू खाली बघत म्हणाला, "नळीमाईन कोनी बोलनं, ते थांबानं नही."

"मालकनी थांब सांगं, तरी?"

"मालक मांगे ऱ्हायना ते थांब. मांगे कोनी नसनं, आनि आवाज उना, ते थांबानं नही. दार बी उघाडानं नही."

चुडामणने विचारायला तोंड उघडलं, तोवर तो पाठ फिरवून चालू लागला होता.

पहिल्यांदा आवाज आला तो भर दुपारी. नानांना धुळ्याला कचेरीत सोडून चुडामण टायर बघायला जात होता. गाडी रिकामी होती. इंजिन चालू आहे की बंद, हे त्याच्याही कानाला कळू नये इतकं ते शांत होतं. आणि त्या शांततेत डाव्या कानाशी कोणीतरी बाई म्हणाली, "गाडी थांबवा."

आवाज मोठा नव्हता. घरंदाज बाईने गड्याला हळूच सांगावं, तसा. मग काचेवर अंगठीची टिचकी. मग पुन्हा, "गाडी थांबवा. दार उघडा."

तो थांबला नाही. बाजाराच्या गर्दीत पोचल्यावर उतरला आणि मागचं दार उघडलं. आत कोणी नव्हतं. चामड्याच्या बैठकीवर ऊन पडलं होतं. पण तो मिस्त्री होता, त्याची नजर तिथेच थांबली नाही. दाराच्या आतल्या बाजूला मूठच नव्हती. जिथे असायला हवी तिथे स्क्रूची चार भोकं मेणाने बुजवून वर पॉलिश चढवलं होतं. काच खाली करायची कडीही काढलेली. आत बसलेल्या माणसाला बाहेरच्याने उघडल्याशिवाय उतरताच आलं नसतं.

नानांना सांगितलं तर ते म्हणाले, "राजेलोकांची रीत असते ती. राणीसाहेबांनी का हाताने दार उघडायचं?" आवाजाबद्दल चुडामण बोललाच नाही.

त्यानंतर आठ महिने तो आवाज येत राहिला. गाडी रिकामी असली की यायचा, नाना बसले असले की नाही. शब्द तेच. चुडामणने दांडी लावून गाडीचा सांधा न् सांधा ऐकला. गाडीत कसलाही दोष नव्हता. तेव्हा त्याने त्याच्या मुलखात मिळणारा सोपा उपाय केला. कापसाचा बोळा करून नळीच्या तोंडात कोंबला. नाना बसायला आले की काढायचा, ते उतरले की पुन्हा कोंबायचा.

इकडे त्या गाडीने नानांच्या घराच्या चालीरीती बदलल्या. ज्या घरच्या बाया आजवर डोक्यावर भाकरीची पाटी घेऊन भर रस्त्याने शेतात जायच्या, त्यांनी आता पडद्याआड बसून जायचं ठरलं. नळीत गावंढळ बोलायचं नाही, हाही हुकूम झाला. नानांची सून इंदिराबाई, नशिराबादची, चार यत्ता शिकलेली. तिला सासऱ्यांनी दारात उभं करून वाक्य पाठ करायला लावलं : "गाडी थांबवा."

चैत्रात इंदिराबाई माहेरी निघाली. सहावा महिना होता. नवरा खरेदीसाठी मुंबईला गेलेला, सासू कधीच वारलेली, म्हणून ती एकटीच मागे बसली. नानांनी स्वतः पडदे ओढले आणि दार लावलं. "वाटेत कुठे थांबू नकोस," ते चुडामणला म्हणाले. "गावोगावचे लोक गोळा होतात."

दहाचं ऊन तेव्हाच भाजत होतं. चुडामणने बोळा काढून खिशात टाकला. पाळधी मागे पडलं आणि कानाशी आवाज आला.

"गाडी थांबवा."

आजवर मागे माणूस असताना ती कधी बोलली नव्हती. आवाज तोच, शब्द तेच. मग काचेवर टिचकी, अंगठीची. त्याला वाटलं, आता ती जिवंत माणसालाही भीत नाही. थांबलो आणि दार उघडलं, तर इंदिराअक्कांच्या शेजारी काय दिसेल?

"दार उघडा."

त्याने खिशातून बोळा काढला, नळीत कोंबला आणि अंगठ्याने आत दाबला.

गिरणा ओलांडली, जळगाव गेलं. मागे काचेवर काहीतरी आपटत होतं. तेही त्याने ओळखीचं धरलं. जळगावच्या पुढे ते आपटणं थांबलं, तेव्हा त्याला हायसं वाटलं.

नशिराबादला इंदिराबाईची आई धुरपदाबाई ओट्यावर वाटच बघत होती. चुडामणने दार उघडलं. आतून भट्टीसारखी वाफ आली. इंदिराबाई बैठकीवरून खाली घसरून पडली होती. ओठ कोरडे, मनगटात फुटक्या बांगड्यांचे ओरखडे, आणि दाराच्या पॉलिशवर, बरोबर मेणाच्या चार भोकांपाशी, नखांच्या रेघा.

तिला उचलून ओसरीत निजवलं. धुरपदाबाईने ओली लुगडी अंगावर टाकली, थेंब थेंब पाणी पाजलं, पोटाला कान लावला आणि बराच वेळ डोकं वर काढलं नाही. चुडामण अंगणात उन्हात उभा राहिला. सावलीत ये असं कोणी म्हणालं नाही, आणि म्हणालं असतं तरी तो हलला नसता. उन्हं कलली तेव्हा धुरपदाबाई दारात आली.

"लेकरू हालनं," एवढंच बोलून तिने त्याच्याकडे पाठ केली.

इंदिराबाईने मग त्यालाच आत बोलावलं.

"भाऊ, मी कितल्या हाका मार्‍यात. तुम्ही आयकं नही?"

चुडामणने खिशातला बोळा काढून तिच्यासमोर ठेवला आणि आठ महिन्यांचं सगळं सांगून टाकलं. सांगताना तो रडला. ती वेडा म्हणेल, नानांना सांगेल, अशी त्याची खात्री होती. ती छताकडे बघत पडून राहिली.

"मी एकलीच हाका नही मारी ऱ्हायंतू," ती म्हणाली. "मन्हा शेजारे एक बाई व्हती. तोंड नही दिसनं. पयले ती बोलनी, मंग मी. तिले पानी पाहिजे व्हतं, भाऊ. बस, पानी."

दुसऱ्या दिवशी चुडामण शिंदखेड्याला भटूच्या घरी जाऊन उभा राहिला. भटू खाटेवर बसून सुतळी वळत होता. चुडामणने काही विचारलं नाही. नशिराबादला काय घडलं तेवढं सांगितलं. भटूच्या हातातली सुतळी सुटली.

"धाकल्या राणीसाहेब," तो म्हणाला. "आठ वरीस व्हयनात." त्या माहेरी पळून जातील म्हणून महाराजांनी मुठी काढवल्या होत्या. उन्हाळ्यात त्यांना आग्रा रोडने मुंबईला पोचवायचं होतं. धुळं येईपर्यंत गाडी थांबवायची नाही, काही झालं तरी दार उघडायचं नाही, असा हुकूम. सावळद्याजवळ पडद्याच्या फटीतून त्यांना तापी दिसली असावी. तिथून त्यांनी हाका मारायला सुरुवात केली. "मी हुकूमना मानूस," भटू म्हणाला. "मी थांबनू नही. धुळ्याले दार उघाडं, तवय त्या गार पडी गयत्यात."

"आनि तू माले बी तेच सांगं," चुडामण म्हणाला.

भटूने खाली पडलेली सुतळी उचलली आणि पुन्हा वळायला घेतली.

चुडामण धरणगावला परतला तो सरळ जिनिंगच्या लेथवर गेला. पितळेच्या कांबीतून त्याने दोन मुठी कातल्या. मेण खरवडून काढलं, भोकं साफ केली, मुठी बसवल्या. आत बसून दार लावलं आणि स्वतः उघडून बाहेर आला. मग काचांच्या कड्या केल्या. त्या कामाला तीन दिवस लागले आणि त्या तीन दिवसांत त्याने कोणाला विचारलं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी तो रिकामी गाडी घेऊन तापीकडे निघाला. नळीत बोळा नव्हता. सगळ्या वाटेत आवाज आला नाही. सावळद्याला रस्ता सोडून त्याने गाडी पाण्याच्या जवळ, वाळूच्या कडेपर्यंत नेली. इंजिन चालूच ठेवलं. कर्ण्याला तोंड लावलं, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तो तिच्याशी बोलला.

"बाईसाहेब, तापी आली. दाराला मूठ आहे."

काही झालं नाही. पलीकडच्या काठावर कोणी कपडे धूत होतं. आपटण्याचा आवाज पाण्यावरून उशिरा येत होता. मग पाठीमागे पितळ फिरल्याचा बारीक आवाज झाला. आठ महिने तो ज्या गाडीला ऐकत होता, तिच्या अंगातला हा आवाज त्याने आजवर ऐकला नव्हता, कारण ती मूठच नवी होती. दार उघडलं. गाडी डावीकडे किंचित झुकली, पायरीवर कोणी पाय ठेवल्यासारखी. मग उचलली गेली. चारी स्प्रिंगा एका माणसाच्या वजनाने हलक्या झाल्याचं त्याला बसल्या जागी कळलं.

तो मागे वळला नाही. बाईमाणूस पाणी पीत असताना बघायचं नसतं.

बऱ्याच वेळाने उन्हाने टप तापला, तेव्हा त्याला प्रश्न पडला. दार लावायचं की नाही? लावलं आणि ती परत येऊन बाहेर राहिली तर? की येऊन बसली असेल आणि आपण पुन्हा तिला कोंडू? त्याला कळेना. शेवटी त्याने दार तसंच उघडं ठेवून गाडी हळूहळू काढली. पुलापर्यंत ते उघडंच डुलत राहिलं. तिथे उतरून त्याने ते लावलं. मागच्या गादीला हात लावला नाही.

नानांना मुठी दिसल्या तेव्हा ते अंगणभर ओरडले. राजाची वस्तू मिस्त्र्याने नासवली, म्हणाले. चुडामणने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "नाना, एकदा मागे बसा. मी बाहेरून दार लावतो. मुठीला हात न लावता बसा, आणि काच वर असू द्या."

नाना तावातावाने बसले. चुडामणने दार लावलं आणि उन्हात बाजूला उभा राहिला. थोड्या वेळाने आतून काचेवर थाप पडली. तो हलला नाही. दुसरी थाप पडली, तिसरी, मग थापा मोजता येईनात. मग मूठ फिरली आणि नाना घामाने न्हालेले बाहेर आले. गाडीला हात टेकून श्वास सावरत राहिले, मग घरात गेले. मुठी काढायचं पुन्हा कोणी बोललं नाही.

नळी त्यानंतर मुकी राहिली. चुडामणला मात्र ती शांतता बरी वाटेना. रिकाम्या गाडीतून जाताना तो मधूनच कर्ण्याकडे झुकून विचारायचा, "पाणी पाहिजे का?" आणि उत्तर नाही आलं तरी वाटेत विहीर दिसली की गाडी उभी करायचा.

इंदिराबाईला मुलगी झाली. सव्वा महिन्याने तिला आणायला तो नशिराबादला गेला, तेव्हा धुरपदाबाईने लेकीला त्या गाडीत बसू देणार नाही म्हणून हट्ट धरला. इंदिराबाईने लेक आईच्या हातात दिली. मागे बसली, आतून दार लावलं, उघडलं, कडी फिरवून काच खाली केली. मग पडदे एकेक करून रॉडवरून ओढून काढले, त्यांची घडी केली आणि मुलीखाली अंथरायला घेतले.

"चला, भाऊ," ती म्हणाली. "काच उघडी शे. हाक मारी ते सरळ आयकू ई."