टोपलीतला शर्ट

गल्लीत तिला सगळे कात्रीबाई म्हणत. एक कात्री तिच्या हातात असे आणि दुसरी तोंडात. त्यातली जास्त धारेची कुठली, यावर शेजाऱ्यांचं अजून एकमत झालं नव्हतं. जुन्या, विटक्या, फाटक्या कपड्यांतून नव्या वस्तू शिवायचा तिचा धंदा. पॅंटच्या पिशव्या, चादरीचे अभ्रे, पडद्याचे फ्रॉक. घरात नियम एकच होता: न्हाणीघरासमोरच्या टोपलीत जे पडलं ते कापायचं. विचारायचं नाही, बघत बसायचं नाही. नवऱ्याची एक चांगली धडधाकट पॅंट अशीच गेली होती. तेव्हापासून तो बिचारा आंघोळीला जाताना कपडे छातीशी कवटाळून जाई. "उद्या मी त्या टोपलीपाशी जरा टेकलो, तर माझेही चार एप्रन व्हायचे," असं तो म्हणे.

हे घरच्यांना ठाऊक होतं. जावयाला कुठून ठाऊक असणार?

जावई या घरात पहिल्यांदाच मुक्कामाला आला होता. लिफ्ट दुरुस्त करणारा, शांत माणूस. दोन वर्षांपूर्वी मुलगी त्याला भेटवायला घेऊन आली होती, तेव्हा कात्रीबाईनं दारातच, त्याच्यादेखत म्हटलं होतं, "आमच्या घराला असलं ठिगळ नको." आता बोलूनचालून ठिगळांवर पोट भरणारी बाई ती! पण राग आला की माणूस आपला धंदाही शिवीसारखा वापरतो. मुलगी आल्या पावली निघून गेली आणि तिनं लग्न केलं. गेल्या वर्षी जावयाची आई वारली. कात्रीबाईला चारदा वाटलं की जाऊन यावं, दोनदा तर चपलाही घातल्या. पण कुठल्या तोंडानं जाणार? नाहीच गेली.

शेवटी नवऱ्यानं फोनवर मुलीला गळ घातली. दोघं दोन दिवसांसाठी आली. मुलीनं दारातच आईला बाजूला घेऊन सांगितलं, "बाबांचं मन मोडवत नाही म्हणून आलेय. यांना तुझा एक जरी शब्द लागला ना आई, तर पुन्हा या घराची पायरी चढायची नाही मी."

झालं! कात्रीबाईनं पहिला दिवस जीभ दाताखाली धरून काढला. जावयाशी बोलणं काय, तर "आणखी वाढू?" आणि "उशी मऊ आहे ना?" त्याचंही उत्तर "हो", नाहीतर "राहू दे".

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा जावयाला घेऊन नळाचा वॉशर आणायला बाहेर पडला. मुलगी केस धूत होती. बेकरीवाल्याला आठ एप्रन द्यायचे होते, म्हणून कात्रीबाईनं टोपलीत हात घातला आणि निळ्या रेघांचा एक शर्ट ओढून काढला. विटलेला, कोपराला ठिगळ. नवऱ्याचाच, दुसऱ्या कुणाचा असणार? तिनं दोन्ही बाह्या उतरवल्या, पाठ मधोमध कापली आणि कॉलर उसवायला घेतली. चार टाके तुटल्यावर तिचा हात थांबला.

कॉलर उलटून शिवलेली होती. झिजलेली बाजू आत, चांगली बाहेर. पण हे टाके तिचे नव्हते. तिचे टाके उजवीकडे झुकत, हे डावीकडे झुकलेले होते. तिनं बाही उचलून कोपराचं ठिगळ उजेडात धरलं. ते आतून लावलेलं होतं आणि त्याची रेघ शर्टाच्या रेघेला अशी जुळवली होती की बोटानं चाचपल्याशिवाय सांधा कळू नये.

"अगं बाई," ती पुटपुटली. "हे मलाही जमलं नसतं."

तेवढ्यात नवरा वॉशर घेऊन आला. जावई खाली कुणाच्यातरी सायकलची चेन बसवून देत होता. नवऱ्यानं टेबलाकडे बघितलं आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"अगं, हा त्यांचा शर्ट! काल अंगात होता. धुवायची टोपली समजून टाकला असणार."

"आता?"

"आता काय! वाऱ्यानं उडाला म्हणू. वाळत घातला होता, उडाला. मी साक्षीला आहे."

मोह झाला तिला, खोटं कशाला सांगा! 'माझं चुकलं' हे दोन शब्द तिच्या तोंडून आजवर कुणी ऐकले नव्हते. पण हातात ती कॉलर होती. इतक्या निगुतीनं कुणीतरी केलेलं काम वाऱ्यावर सोडायला तिची जीभ उचलेना.

जावई वर आला तेव्हा ती तुकडे घेऊन उभीच होती. मुलगी ओल्या केसांनी बाहेर आली आणि तिथंच थबकली.

"तुमचा शर्ट मी कापला," कात्रीबाई म्हणाली. "टोपलीत होता म्हणून न बघता कापला. माझं चुकलं."

जावयानं तिच्या हातातली बाही घेतली. बराच वेळ तो ठिगळावरून अंगठा फिरवत राहिला.

"आधी वडिलांचा होता," तो म्हणाला. "आईनं माझ्या मापाचा केला. ती डावखुरी होती. तुम्ही जुन्याचं नवं शिवता हे कळल्यापासून म्हणायची, मला एकदा विहीणबाईंचं काम बघायचंय. घेऊन चल. मी आज-उद्या करत राहिलो. म्हणून काल येताना हाच घातला."

 मुलगी आतल्या खोलीत गेली आणि बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला. पाचची बस होती. कात्रीबाई मटकन खुर्चीवर बसली. तिला रडू आलं आणि तिनं ते लपवलंही नाही.

"त्या आल्या असत्या," ती म्हणाली, "तर मी दारातच काहीतरी टोचून बोलले असते. मी तशीच आहे. आणि मग हे काम बघून जन्मभर जळले असते." तिनं डोळे पुसले, चष्मा चढवला. "द्या ती बाही. जोडते."

"आईच्या टाक्यांना हात लावू नका."

"लावला तर माझाच हात तोडून ठेवीन," ती म्हणाली. "तुटले चार, ते माझे. बाकीचे तसेच राहतील."

दुपारभर ती मशीनवर बसली. जावई शेजारी स्टुलावर बसून रेघेला रेघ धरून तुकडे पुढे सरकवत होता. लिफ्टच्या तारा जुळवणारे हात ते, कापड कसं सरळ धरायचं हे त्याला सांगावं लागलं नाही. पाठ जोडून झाल्यावर तिनं ती उजेडात धरली.

"शिवणीत एक रेघ गेली. ती काही आता परत येत नाही."

"पाठीवरची आहे," तो म्हणाला. "मला कुठं दिसतेय?"

कात्रीबाई हसली. आत बॅग भरणाऱ्या मुलीचा हात क्षणभर थांबलेला तिला कळला. नवऱ्यानं शेवटचं बटण लावून दिलं, कात्रीबाईनं दोरा दातानं तोडला आणि शर्टाची घडी करून मांडीवर ठेवली. साडेचार वाजले होते.

मुलगी बॅग घेऊन बाहेर आली. आईकडे न बघता तिनं आपल्या नवऱ्याला विचारलं, "झाला का शर्ट? निघूया."

जावयानं उत्तर द्यायच्या आत कात्रीबाईनं मांडीवरच्या घडीवर बेकरीवाल्याचं कापड ओढलं. तीस वर्षांत तिनं गिऱ्हाईकाला दिलेली तारीख कधी चुकवली नव्हती. चुकवणाऱ्या शिंप्यांना ती भर बाजारात नावं ठेवी.

"कुठला व्हायला?" ती म्हणाली. "काजांचं काम राहिलंय. पुढच्या महिन्यात या. दोघंही या."

नवऱ्यानं तोंड उघडलं, बायकोकडे बघितलं आणि मिटून घेतलं. मुलगी जावयाकडे बघत राहिली. त्याच्यासमोरच तर दोरा तुटला होता.

"काजांना वेळ लागतो," जावई म्हणाला आणि त्यानं तिच्या हातातली बॅग घेतली. "पहिल्या रविवारी येऊ."

 चपला घालताना मुलीनं आईच्या खांद्याचा आधार घेतला.