गुद्नीचा वाकडा टी

मी वाट बोलतेय. डोंगरातली, मुक्कामाच्या खालच्या केबिनपासून खिंडीत चढून, तळ्याच्या वरच्या अंगाने वरच्या केबिनकडे जाणारी. 'जाणारी' म्हणणं आता चूकच आहे म्हणा. गेल्या जूनपासून मी कुठेच जात नाही, नकाशावरून मला खोडलंय. पण रडगाणं ऐकवायला बसलेली नाही, हे आधीच सांगते.

मला माणसांनी केलं नाही. रानातल्या रेनडियरांनी केलं. उन्हाळ्यात पिल्लांना घेऊन पलीकडच्या हिरव्या उतारावर जायला त्यांना सोपी चढण हवी होती, आणि त्यांच्या खुरांखाली मी पडत गेले. त्यांच्या मागे शिकारी आले. मग गाई चारायला वर येणाऱ्या बाया आल्या, त्या चालताना विणायच्या आणि एकमेकींच्या सासवांची उणीदुणी काढायच्या. मग पाठीवर पिशव्या घेतलेले शहरातले लोक आले. आणि ते चुकू नयेत म्हणून तार्येई आला.

तार्येई खालच्या दरीतला, मेंढ्या पाळणारा. वर्षातून एखादा दिवस सगळ्यांनी मिळून फुकट राबायचं आणि शेवटी वाफल खायचे, असा इथला रिवाज. हा माणूस मात्र उन्हाळाभर एकटाच राबायचा. दोन्ही केबिनमध्ये लाकडं नेऊन टाकायची, दगडांचे ढीग नीट रचायचे आणि दर शंभर पावलांवर एका दगडावर लाल रंगाने टी, म्हणजे इंग्रजीतलं ते अक्षर, काढायचा. टी दिसला की वाट बरोबर, ही या डोंगरातली खूण.

पहिल्या वर्षी त्याच्यासोबत गुद्नी होती, त्याची बायको. खिंडीतल्या मोठ्या दगडावरचा टी तिने काढला. वरची रेघ चांगलीच कलली.

"हा टी आहे की दारू प्यायलेला खांब?" तार्येई म्हणाला.

"वाऱ्याने हात हलला."

"वारा कुठे होता?"

"मग तू दात काढत होतास म्हणून हलला. राहू दे आता. वाट चुकलेल्या माणसाला रेघ सरळ आहे की वाकडी, याचं काय करायचंय?"

चाळीस वर्षं तो दर दोन वर्षांनी माझे टी नव्याने रंगवत राहिला. बाकीचे पट्टी लावल्यासारखे सरळ, हा एक वाकडा. गुद्नी जाऊन सहा वर्षं झाली, तरी त्या वाकड्या रेघेला त्याने हात लावला नाही. रंग सुकेपर्यंत तिथेच कॉफी पीत बसायचा.

पुढे माझा बोलबाला झाला. एकेका दिवशी दोनशे माणसं यायला लागली. चिखल चुकवायला बाजूने चालायची, त्यामुळे मी रुंद होत गेले, आणि खरं सांगते, मला त्याचा गर्व होता. मग एका जुलैत मी पाहिलं, वरच्या कड्यावर रेनडियरची मादी पिल्लाला घेऊन उभी होती. खाली रंगीबेरंगी जाकिटांची रांग. ती बराच वेळ उभी राहिली आणि आली तशी परत गेली. दुसऱ्या वर्षी तेच, तिसऱ्या वर्षी तेच. ज्यांनी मला केलं त्यांनाच मी अडवत होते. त्यानंतर मला कुणी छान म्हटलं की लाज वाटायची.

या डोंगराची राखण करणारी हेगे वर्षानुवर्षं दुर्बीण लावून कळप मोजत होती. शेवटी ठरलं की खिंडीच्या पुढे माणसांची वाट तळ्याच्या खालच्या काठाने न्यायची आणि मला मोकळं सोडायचं.

"चाळीस वर्षं तू रंगवलेस," हेगे त्याला म्हणाली, "आता पुसायलाही तुलाच सांगायचं म्हणजे माझ्या जिवावर येतं."

"दुसऱ्या कुणी पुसलेले मला चालणार नाहीत. ब्रश आण. तारेचा आण, माझा रंग असातसा नाही."

हेगे वरून घासत आली, तार्येई खिंडीकडून. संध्याकाळी दोघं माझ्या मधोमध, सपाट दगडापाशी भेटली.

"सगळे झाले?" हेगेने विचारलं.

"सगळे."

तो खोटं बोलला. खिंडीतला वाकडा टी तसाच होता. नव्या वाटेचा पहिला टी तिथून थोडा खाली, तळ्याच्या बाजूला. मला सगळं कळत होतं, आणि बरंही वाटलं. कुणीतरी आपली एक खूण राखली, एवढंच तेव्हा मनात आलं.

ऑगस्टमध्ये एका सकाळी खिंडीत धुकं उतरलं, हातभर लांबचं दिसेना. तोन्ये नावाची तरुण नर्स एकटीच वर चढली. नव्या वाटेचा टी तिला दिसला नाही. दिसला तो वाकडा, आणि बिचारी निश्चिंत होऊन माझ्यावर चालू लागली.

शंभर पावलं गेली, टी नाही. आणखी शंभर, तरी नाही. तिची पावलं आखडत गेली. ओढ्याजवळ पाय मुरगळला, तरी लंगडत ती पुढे आली. खाली नदीचा आवाज येत होता. ती मला सोडून त्या आवाजाकडे वळली, आणि मला घाम फुटायचाच बाकी होता. तिकडे सरळ कडा आहे. मला हाक मारता येत नाही, हात धरता येत नाही. दहा पावलं जाऊन ती थांबली, परत आली आणि सपाट दगडाला टेकून बसली. धुक्याने भिजलेल्या कपड्यांतून पाणी गळत होतं. थोड्या वेळाने तिचे दात वाजायला लागले.

पुढचं मला नंतर कळलं, तार्येई आणि हेगेच्या बोलण्यातून. केबिनमधल्या वहीत आपलं नाव आणि पुढचा मुक्काम लिहून निघायचं, असा इथला नियम. तार्येईने सकाळी खालच्या वहीत 'तोन्ये, एकटी, वरच्या केबिनकडे' असं वाचलं होतं. तो लाकडं घेऊन नव्या वाटेने वर पोचला, तर तिथे हेगे एकटीच. चार वाजले तरी तोन्ये नाही. त्याने हातातला कप खाली ठेवला.

"ती कुठे आहे ते मला माहीत आहे," तो म्हणाला. "मी एक टी ठेवला होता."

हेगेने त्याच्याकडे बघितलं. "गुद्नीचा?"

"हो."

"ते नंतर बघू. बूट घाल."

धुक्यात खूण तर एकही नव्हती. तार्येई पुढे, हेगे मागे. तो डोळ्यांनी मला शोधतच नव्हता. बूट टेकवायचा, जराशी चाचपणी करायचा आणि पुढचं पाऊल टाकायचा. माझा कुठला दगड डगमगतो, कुठे चिखल आहे, त्याच्या पायांना पाठ होतं. आयुष्यात कुणाचं येणं मला इतकं हवंसं वाटलं नव्हतं.

सपाट दगडापाशी पोचताच त्याने आपलं लोकरी स्वेटर काढून तोन्येला घातलं. हेगेने कॉफी पाजली, तपकिरी चीज लावलेला पाव हातात दिला. दोन घास पोटात गेल्यावर तोन्ये म्हणाली, "मी टी बघूनच आले होते. मग बाकीचे गेले कुठे?"

"मी पुसले."

"मग एकच का ठेवला?"

"बायकोने काढलेला होता," तार्येई म्हणाला. "चूक माझी आहे. तुला काही झालं असतं तर..."

तोन्येने आणखी एक घास खाल्ला. "छान काढलाय पण," ती म्हणाली. "एवढ्या धुक्यातही दिसला."

त्यावर म्हातारा रडला, आणि हेगे उगाचच थर्मासचं झाकण लावत बसली.

दुसऱ्या दिवशी तो तारेचा ब्रश घेऊन आला. चाळीस वर्षांचे थर होते, दुपारपर्यंत घासत होता. शेवटचा लाल ठिपका गेल्यावर तिथेच बसून त्याने कॉफी प्यायली. त्याला हलकं वाटलं असावं. मला तर वाटलंच. आपल्यामुळे आता कुणाचा जीव जाणार नाही आणि कुणाची वाटही अडणार नाही, याहून जास्त सुटका ती काय असते?

सप्टेंबरात कळप आला. तीच मादी पुढे, मागे पिल्लं. कड्यावर ती थांबली, खाली बघितलं. मग उतरली, माझ्यावरून गेली आणि तिच्या मागून सगळा कळप गेला. माझ्यावर आता शेवाळ धरतंय, कडेने गवत आत सरकतंय.

कधी खिंडीत आलात तर तळ्याच्या बाजूचा पहिला टी शोधा. या उन्हाळ्याच्या सुरुवातीला तार्येईने तो नव्याने रंगवला.

"वाकडा झालाय," हेगे म्हणाली.

"माहीत आहे," तो म्हणाला.

तो वाकडा टी दिसला की त्याच्यामागे बिनधास्त जा, पुढचे सगळे टी जागच्या जागी आहेत. माझ्याकडे येऊ नका. मी बरी आहे.