मधली पट्टी

माझी धाकटी बहीण मार्सेलिना ग्वाटेमालाच्या राजधानीतल्या कलाशाळेतून परतली आणि गळा नसलेले उइपिल, म्हणजे आमच्याकडच्या बायका घालतात ते सैल झगे, विणू लागली. अंगात घालायला नाहीत, भिंतीवर टांगायला. आई आधी हसली. "डोकं कुठून घालायचं गं, काखेतून?" पण महिनाभरात तीच मार्सेलिनाच्या मागाशेजारी आतोलचा, मक्याच्या गरम पेयाचा, पेला घेऊन बसू लागली. पूर्वी ती माझ्या शेजारी बसायची.

आमच्या गावचा उइपिल तीन पट्ट्या जोडून होतो. माग कमरेला बांधलेला, त्यामुळे हात पोहोचतील तेवढीच रुंदी. मार्सेलिनाला एका प्रदर्शनासाठी उइपिल करायचा होता. त्याची मधली पट्टी तिने मला विणायला सांगितली, कडेच्या दोन ती विणणार होती. पक्ष्यांच्या रांगा तिन्ही पट्ट्यांवर एका रेषेत यायला हव्या होत्या. खालच्या कार्डावर नाव तिचं एकटीचं असेल, हेही तिने सहज सांगून टाकलं.

मी एकही ओळ चुकवली नाही. फक्त आडवं सूत बसवताना लाकडी पट्टी जोरात ठोकली. बोटभर जागेत एरवी माझी चौदा सुतं बसतात. मी सतरा बसवली.

चटईवर तिन्ही पट्ट्या शेजारी ठेवल्या, तेव्हा माझे पक्षी चार बोटं खाली राहिले. मार्सेलिना रडेल म्हणून मी वाट पाहत होते. तिने ओळी मोजल्या आणि त्या तर सारख्याच आहेत म्हणाली. सूत आटलं असेल, मी म्हणाले.

आईने माझी पट्टी उजेडासमोर धरली, मग मार्सेलिनाची.

"आटलंबिटलं काही नाही. तुझंच विणकाम ढिलं आहे, मार्से. ताईच्या पट्टीतून उजेड येतोय का बघ. असं माझी आई विणायची."

हे ऐकायला मी मार्सेलिना परतल्यापासून दीड वर्ष थांबले होते.

"मग कडेच्याही ताईलाच विणू दे," मार्सेलिना म्हणाली. "मला एवढं घट्ट नाही जमायचं."

"विणेल की. तिचा हातच तसा आहे."

माझा हात तसा नाही, एवढंच सांगायचं होतं. सांगितलं असतं तर आईचं बोलणंही परत गेलं असतं. मी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी मी मागाचं एक टोक खांबाला आणि दुसरं कमरेला बांधलं. आई आतोल घेऊन माझ्याजवळ येऊन बसली आणि दुपारपर्यंत हलली नाही. जेवणाआधी मी सुतं मोजली. चौदा. पुन्हा मोजली, तरी चौदाच. आई शेजारी असताना लाकडी पट्टी जोरात ठोकलीच जात नव्हती.

विणलेलं सगळं उसवलं. मग आईला म्हटलं, तू जरा मार्सेलिनाकडे जाऊन बस.