पावणेआठचं दार

"झाली का प्रार्थना, सिस्टर?"

शांतीबाईंनी कंपनीच्या दवाखान्याचं दार उघडलं, तेव्हा बाहेरच्या बाकावर प्लांटमधला शिवा बसला होता. उजव्या डोळ्यावर ओला पंचा दाबून धरलेला. त्यांना पाहून तो अदबीने उठला.

"काय झालं रे?"

"कॉस्टिक उडला जरासा. नलावर दोनदा धुतला. आता तवढी आग नाय."

आग कमी झाली, हेच वाईट होतं. कॉस्टिक सोडा आम्लासारखा फार दुखवत नाही, मुकाट्याने आत शिरतो. शांतीबाईंनी त्याला दंडाला धरून आत ओढलं, मान नळाखाली घातली आणि पापणी बोटांनी ताणून धरली.

"किती वेळ बसला होतास?"

"आठ-नव मिंटा झाली आसतील."

"आणि दार नाही वाजवलंस?"

"तुमी देवाशी बोलत व्हता ना," पाण्याखालून शिवा म्हणाला. "मधी कसा बोलायचा?"

रोह्याच्या त्या केमिकल कंपनीत शांतीबाई शहाऐंशी साली नर्स म्हणून लागल्या. त्यांचे वडील, बाबाजी मास्तर, पेणला शाळेत शिकवत आणि रविवारी घरातच चार ख्रिस्ती कुटुंबांची उपासना घेत. लेकीला त्यांनी एकच शिस्त लावली होती. रोज दहा मिनिटं प्रभूपुढे गप्प बसायचं आणि स्वतःला विचारायचं, आज मी कोणाच्या उपयोगी पडणार आहे? "उत्तर नाही आलं तरी चालेल," मास्तर म्हणायचे, "पण प्रश्न चुकवायचा नाही." आयुष्यात बाकी कशाचा हट्ट न धरणाऱ्या माणसाचा हा एकच हट्ट, त्यामुळे लेकीने तो अंगी बाणवला.

घरी, रोह्याशेजारच्या वरसे गावात, दोन खोल्यांत नवरा, सासू, दोन मुलं आणि सासूचा रेडिओ. तिथे देव आला असता तरी त्याला बसायला जागा नव्हती. म्हणून पहिल्या शिफ्टला सातला येऊन, रात्रपाळीवाल्यांची मलमपट्टी उरकून, पावणेआठला शांतीबाई दवाखान्याचं दार लावून घेत. आठला पाच कमी असताना उघडत.

सुरुवातीला कामगारांनी टिंगल केली. "सिस्टरची वरच्या सायबाबरोबर मिटिंग चाललीय." पण आपल्या लोकांचं असं आहे, टिंगल करून कंटाळा आला की त्याच गोष्टीचा ते रिवाज करून टाकतात. दोन-तीन वर्षांत त्या दारावर पावणेआठला थाप मारणं म्हणजे देवळात चपला घालून जाणं झालं. फोरमन हैबतराव मशीनशीसुद्धा ओरडून बोलायचा, तोही तिथून जाताना आवाज खाली आणायचा. नवीन भरती झालेल्याला तो आधी संडास दाखवायचा, मग हे दार. गरज पडली तर वाजवा, असं कोणी सांगितलं नाही. शांतीबाईंनीही नाही. तो मान त्यांना आवडत होता, हे त्यांनी पुढे स्वतःशी कबूल केलं.

त्या दिवशी कंपनीच्या जीपमधून शांतीबाई शिवाला पेणच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन निघाल्या. सलाइनची बाटली उलटी धरून डोळ्यात धार चालूच होती. नागोठणं मागे पडल्यावर शिवाने विचारलं, "कासू आला काय? माझा गाव हाय." त्याच्या भाताच्या खाचरांजवळून जीप गेली, पण त्याचं तोंड वर होतं. वडखळच्या नाक्यावर ट्रक अडकले होते. तिथे बाटली संपली, तशी त्यांनी दुसरी फोडली.

पेणच्या डॉक्टरने डोळा पाहिला आणि मुंबईला पाठवलं. तिथे डोळा गेला.

चौकशी लागली. हैबतराव हळूच येऊन म्हणाला, "सांगा, संडासला गेल्ते म्हनून. संडासला जायाला कायद्यात बंदी नाय." त्याला खरंच काळजी होती. पण शांतीबाईंनी कागदावर लिहून दिलं: मी प्रार्थनेला दार लावून बसले होते. त्यांना मेमो मिळाला. शिक्षा आणखी मोठी असती तर बरं वाटलं असतं.

त्या दिवसापासून त्यांनी दार लावणं सोडलं आणि बसणंही. आत त्या विचारत होत्या, कोणाच्या उपयोगी पडू. आणि ज्याला उपयोग होता तो चार हातांवर बाकावर बसून होता. असली प्रार्थना कोणाच्या कामाची? रविवारी पेणला उपासनेत त्या नुसते ओठ हलवायच्या. मास्तरांच्या ते लक्षात आलं.

चार महिन्यांनी शिवा परत आला. त्याला गेटवर नोंदवहीचं हलकं काम दिलं होतं. दुसऱ्याच दिवशी पावणेआठला तो दवाखान्यासमोर उभा राहिला.

"सिस्टर, दार उगडा कसा?"

"मी आता बसत नाही."

"का म्हनून?"

"शिवा, माझ्यामुळे गेला तुझा डोळा. मला माफ कर."

"राग आला व्हता," तो म्हणाला. "मुंबयला खाटेवर पडल्या पडल्या लय आला. तुमचा बी, माझा बी. मला हात व्हता ना? वाजवाला काय झाला व्हता?" मग एकदम चिडून म्हणाला, "आनि आता तुमी बसत बी नाय! मंग मी कशापायी थांबलो व्हतो?"

शांतीबाई रडल्या. शिवाने बाक ओढून दाराच्या चौकटीला लावला आणि त्यांच्याकडे पाठ करून बसला.

"बसा तुमी. कुनी आला त मी वाजवीन."

त्या बसल्या. प्रश्न आठवायला जरा वेळ लागला.

त्यानंतर अकरा वर्षं शिवा रोज पावणेआठला गेटवरून दहा मिनिटं येत राहिला. हैबतरावाने ते कधी पाहिलं नाही, म्हणजे रोज पाहिलं आणि सोडून दिलं. कापलेलं बोट आलं, चक्कर आली, की शिवा चौकटीवर थाप मारायचा आणि शांतीबाई आमेन न म्हणताच उठायच्या.

त्यांच्या निवृत्तीच्या दिवशीही दार उघडं होतं. दुपारी हारतुरे होते. सकाळी मात्र कोणीच आलं नव्हतं. त्यांनी डोळे मिटले आणि रोजचा प्रश्न विचारला. उद्यापासून तो कुठे विचारायचा, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

चौकटीवर जोरात थाप पडली. आणखी एक.

त्या ताडकन उठल्या, सवयीने नळ सोडला आणि वळल्या. दारात एकटा शिवा उभा होता.

"कोण आलंय?"

"कुनी नाय," तो म्हणाला. "त्या दिशी वाजवायचा ऱ्हायला व्हता."

नळ वाहत होता. थोड्या वेळाने शांतीबाईंनी तो बंद केला.